वर्गाला काय सांगायचं, ते आधी त्यालाच विचारा

प्रश्न : मी नववीची वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा दोन महिने शाळेत आलेला नाही. कावीळ झाली आहे, असं पालकांनी कळवलं होतं. मागच्या आठवड्यात त्याची आई भेटायला आली आणि रडतच म्हणाली, की त्याला डिप्रेशन आहे, मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार चालू आहेत, आता बराच सावरलाय, पण "मॅडम, कुणाला कळू देऊ नका, नाहीतर पुढे त्याला कुणी जवळ करणार नाही." सुट्टी संपली की तो वर्गात येईल. मुलांमध्ये कुजबुज आहेच. त्यांच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकून खाली 'मेंटल इज बॅक' असं लिहिलं. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "नाटकं आहेत सगळी. मोबाइल काढून घ्या, चार दिवसांत सरळ होईल." मुख्याध्यापक म्हणतात, विषयच काढू नका, बाकीची मुलंही असलं काही शिकतील. मी वर्गाला खरं सांगू, की कावीळच म्हणत राहू? त्याची विज्ञानाची वही माझ्याकडे राहिली आहे. पहिली पानं इतकी नेटकी, की बघत राहावं. पुढे नुसते मथळे, मग कोरी पानं आणि मध्ये मध्ये लाल शाईत 'अपूर्ण', 'आळस', 'पालकांची सही आणणे'. ती चाळताना पोटात कालवतं. आणि खरं सांगू? त्याच्याशी बोलायची मला भीती वाटते. माझ्या तोंडून काही भलतंच गेलं आणि त्याने जिवाचं बरंवाईट करून घेतलं तर?
— एक वर्गशिक्षिका

उत्तर :

प्रिय मॅडम,

वर्गाला खरं सांगू नका. कावीळही सांगू नका. या दोन्हींच्या आधी करायची एक गोष्ट राहून गेली आहे. तुमच्या पत्रात त्याची आई बोलते, सर बोलतात, मुख्याध्यापक बोलतात, ग्रुपवरची पोरं बोलतात. तो मुलगा मात्र एकदाही बोलत नाही. त्याला कुणी काही विचारलेलंच दिसत नाही. आजार त्याला झाला आहे, वर्गात पाऊल त्याला टाकायचं आहे, पन्नास जणांच्या नजरा त्याला झेलायच्या आहेत. तेव्हा कुणाला किती सांगायचं, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याचा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे ठरवता येतं. फक्त त्याला कुणीतरी नीट विचारायला हवं.

म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधी त्याच्या आईची परवानगी घ्या आणि त्याला भेटा. ऑफिसात बोलावून नको. त्याला जिथे मोकळं वाटेल तिथे, घरी किंवा शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. फार बोलायची गरज नाही. "तू येतोयस, मला बरं वाटलं. वर्गात कुणी विचारलं, तर काय सांगायचं हे तू ठरव. तू सांगशील तेवढंच मी सांगेन." एवढं झालं की गप्प बसा. तो लगेच काही बोलणार नाही. कदाचित नुसते खांदे उडवेल. बसू द्या त्याला तसंच. दोन मिनिटांची शांतता मोठ्यांना असह्य होते, पण नैराश्यातून उठणाऱ्या मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि आपण घाईने ती जागा भरून काढली की तो सुटकेचा श्वास टाकून पुन्हा आत मिटतो.

बहुतेक मुलं अशा वेळी मधली वाट निवडतात. "मी आजारी होतो, आता बरा होतोय." हे शंभर टक्के खरं आहे आणि पुरेसं आहे. "काय झालं होतं?" असं कुणी खोदून विचारलं, तर "त्यावर बोलायचं नाही मला" असं म्हणायची मुभा त्याला आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवा. दोनदा मोठ्याने म्हणून घेतलं तर अधिक चांगलं. वर्गात ऐन वेळी वाक्य सुचत नाही. तयार असलं तर ओठावर येतं. एखाद्या जवळच्या मित्राला त्याला सगळं सांगायचं असेल, तर तेही आईबाबांशी बोलून सांगू द्या. नैराश्याच्या काळात असा एक मित्र फार मोठा आधार असतो. आणि उद्या त्यानेच ठरवलं, की सगळ्यांना खरं सांगायचं, तर "थांब, पंधरा दिवस जाऊ दे, मग बघू" एवढंच म्हणा. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. हे त्याला घाबरवून सांगायचं नाही, पण सांगायला हवं.

कावीळ सांगण्याला माझा विरोध का, तेही सांगते. त्याच्या आईला मी अजिबात दोष देत नाही. तिने ढाल म्हणून जे हाताशी आलं ते उचललं. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्येच लिहून ठेवलं आहे, की कलंक फक्त त्या माणसाला चिकटत नाही, त्याच्या जवळच्यांनाही चिकटतो. ही आई आज ते भोगते आहे. "घरात काय कमी होतं याला?", "आईचं लक्ष नसेल" हे तिने ऐकलं असेल किंवा ऐकावं लागेल म्हणून ती धास्तावली असेल. पण मुलाच्या बाजूने बघा. स्वतःच्या आजाराचं नाव घेताना आई-वडील दुसऱ्याच आजाराचं नाव घेतात, हे तो रोज ऐकतोय. त्यातून त्याच्या मनात काय बसतं? की मला झालंय ते इतकं लाजिरवाणं आहे, की त्याचं नावही उच्चारायचं नाही. आणि ही लाज भलत्या वेळी भोवते. पुन्हा त्रास सुरू झाला तर मदत मागायच्या ऐवजी तो लपवायला लागेल. शिवाय कावीळ झालेल्या मुलाला डबा, पथ्य, रिपोर्ट असं काय काय विचारतात. एक खोटं निभवायला त्याला रोज दहा खोटी बोलावी लागतील. ज्याच्यात सकाळी उठून आंघोळ करण्याची ताकद कालपरवा परत आली आहे, त्याच्यावर हे ओझं नको. जे सांगायचं नाही ते सांगू नका, पण खोटं रचू नका.

आता ती वही. ती जपून ठेवा, कारण स्टाफरूममध्ये तुम्हाला जे समजावायचं आहे ते त्या वहीत आहे. नैराश्य आलेला किशोरवयीन मुलगा नेहमी रडका, कोपऱ्यात बसलेला दिसेलच असं नाही. या वयात उदासीऐवजी चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकतं, निदानाच्या निकषांमध्येही तशी नोंद आहे. मुलगा उलट बोलतो, खेळणं सोडतो, बाकावर डोकं ठेवून झोपतो, वह्या अर्धवट ठेवतो. आपण त्याला उद्धट आणि आळशी म्हणून मोकळे होतो. आतून काय चाललेलं असतं? एकच ओळ चार-पाच वेळा वाचावी लागते आणि तरी डोक्यात शिरत नाही. रात्री झोप नाही किंवा दिवसभर झोपच झोप. आवडीच्या गोष्टींची चव गेलेली. आपण कुणाच्या कामाचे नाही, ही भावना सतत. असं बहुतेक सगळा दिवस, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त चालतं आणि अभ्यास, मित्र, घर सगळ्यावर त्याचा परिणाम दिसू लागतो, तेव्हा डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. नेटक्या अक्षरात लिहिणारा मुलगा मथळ्यांवर आला आणि मथळ्यांवरून कोऱ्या पानांवर आला. आळशी मुलाची वही अशी उतरत जात नाही. ती बहुधा पहिल्या पानापासून सारखीच असते.

त्या सरांशी चारचौघांत वाद घालू नका. त्याने ते हट्टाला पेटतील आणि विषय मुलाचा न राहता त्यांचा होईल. एकटे असताना वही त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, "सर, हे असं कधीपासून सुरू झालं असेल?" मी पाहिलंय, की शेरे मारणारी माणसंसुद्धा एका ठरावीक मुलाच्या ठरावीक पानासमोर नरम येतात. मोबाइलबद्दल त्यांचं म्हणणं पूर्ण टाकाऊही नाही. रात्री उशिरापर्यंत फोन हातात असल्याने झोपेची वाट लागते, आणि झोप बिघडली की मनही बिघडतं. पण आजार झालेल्या मुलाचा फोन काढून घेतला, की आजार निघून जातो, हे खरं नाही. उलट मित्रांशी असलेला त्याचा उरलासुरला धागा तुटू शकतो. "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" असंही कुणी म्हणेल. होतं. तेव्हा त्या मुलांना मठ्ठ, घुमा, वाया गेलेला अशी नावं होती, आणि त्यातले कित्येक शाळा सोडून गेले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ या वयोगटात दर ७ मुलांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार असतो. तुमच्या वर्गाचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. म्हणजे तुमच्या वर्गात या मुलाशिवाय आणखी काही जण हे गप्प राहून सोसत असण्याची शक्यता भरपूर आहे. ती मुलं सध्या एकच गोष्ट टक लावून बघताहेत, की याच्याशी शाळा कशी वागते. तो 'मेंटल' ठरला, तर ती तोंड उघडणार नाहीत.

आता तुमची भीती. ती खरी आहे आणि ती लिहिलीत हे चांगलं केलंत. चुकीच्या शब्दाने अनर्थ होईल, या धास्तीने शिक्षक अशा मुलांपासून लांब राहतात आणि मुलाला वाटतं, यांनाही मी नको झालोय. आत्महत्येचा विचार मनात येतो का, असं थेट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत सगळीकडे आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ६ शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हेच तपासून पाहिलं गेलं. काहींना आत्महत्येबद्दलचे प्रश्न विचारले, काहींना ते वगळून बाकीचे विचारले. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रश्न विचारलेल्या मुलांना ना जास्त त्रास झाला, ना त्यांच्यात असे विचार वाढले. ज्यांना आधीपासून नैराश्य होतं किंवा ज्यांनी आधी तसा प्रयत्न केला होता, त्यांचाही त्रास या प्रश्नांनी वाढला नाही.

तेव्हा तो खूप खचलेला दिसला, "सगळं संपलंय", "माझ्याशिवाय सगळे सुखी होतील" असं काही बोलला, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, तर शांतपणे, सरळ शब्दांत विचारा, "तुला जगू नये असं वाटतं का? मरून जावं असे विचार येतात का?" आडवळणाने नको, आणि "असलं काही मनात आणत नाहीस ना?" असंही नको. त्या वाक्यात 'नाही' हे उत्तर आपणच त्याच्या तोंडी घालतो. उत्तर 'हो' आलं, तर उपदेश करू नका. आई-वडिलांचं काय होईल, असं म्हणून शपथ घालू नका. त्याला एकटं सोडू नका. पालकांना आणि त्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. ते भेटत नसतील तर जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग किंवा मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. म्हणूनच पहिल्या भेटीत त्याला "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी सांगणार, बाकी सगळं तुझ्या-माझ्यात" असं म्हणा. मुलांना हा नियम कळतो आणि पटतोही.

दोन गोष्टी उपचारांबद्दल, कारण शाळेत त्या कुणाला माहीत नसतात. औषधं चालू असतील तर सुरुवातीच्या काळात किंवा डोस बदलताना काही मुलांमध्ये अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मुलांसाठी नैराश्याच्या सर्व औषधांवर तशी ठळक सूचना छापायला लावली. त्याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही. त्या दिवसांत लक्ष जास्त हवं आणि गोळ्या परस्पर बंद करू नयेत, असा आहे. काही वेगळं वाटलं तर आईला कळवा, एवढं तुम्ही करू शकता. दुसरी गोष्ट त्या आईला सांगा, तिला तिची फार गरज आहे. त्याच २००४ साली अमेरिकेतल्या १२ ते १७ वर्षांच्या ४३९ नैराश्यग्रस्त मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध आणि विचार-वर्तन उपचार असे दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी ७१ टक्के १२ आठवड्यांत स्पष्ट सुधारली. नुसती औषधासारखी दिसणारी गोळी मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होतं. हा आजार उपचारांनी हटतो. पुढे पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून उपचार अर्धवट सोडायचे नसतात.

ग्रुपवर लिहिणाऱ्या मुलाला वर्गात उभं करू नका. त्याने तो हिरो होईल आणि आजारी मुलाचं नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी जाईल. एकटं बोलवा, फोटो काढायला लावा, आणि "हे तुझ्या भावाबद्दल कुणी लिहिलं असतं तर?" यापेक्षा "तुला यात हसण्यासारखं काय वाटलं?" असं विचारून त्याचं ऐका. या वयातली पुष्कळ थट्टा भीतीतून येते. आपल्यालाही असं काही होत असेल का, ही शंका आलेलं पोर सगळ्यात मोठ्याने हसतं. त्यानंतरही थांबला नाही, तर मात्र ही छळवणूक आहे आणि शाळेच्या नियमाप्रमाणे कारवाई व्हायला हवी. त्यात दयामाया नको.

मुख्याध्यापकांचा मुद्दा मला उडवून लावावासा वाटत नाही. परीक्षेत मार्क कमी पडले, मैत्रीण बोलली नाही, म्हणून दोन दिवस वाईट वाटणं म्हणजे नैराश्य नव्हे, आणि हल्ली मुलं प्रत्येक उदासीला 'डिप्रेशन' म्हणतात, हे खरं आहे. पण याला उपाय गप्प बसणं हा नाही. फरक समजावून सांगणं हा आहे, आणि तो फरक मुलांना शाळेशिवाय कोण सांगणार? मुख्याध्यापकांना हे जरूर दाखवा : युरोपातल्या १० देशांमधल्या १६८ शाळांत ११,११० विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत खुद्द विद्यार्थ्यांशी मानसिक आरोग्यावर बोललं गेलं, भूमिका करून प्रसंग साकारले गेले, तिथे वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न आणि तसे गंभीर विचार, दोन्ही नेहमीच्या शाळांपेक्षा कमी आढळले. आणि २०१२ मध्ये १४ देशांतल्या ७९ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात प्रौढांचे पूर्वग्रह आजारातून गेलेल्या माणसाला भेटून जास्त कमी होतात, पण किशोरवयीन मुलांवर माहिती देण्याचा परिणाम अधिक होतो, असं दिसलं. मला हे फार उपयोगाचं वाटतं. म्हणजे वर्गासमोर या मुलाला उभं करून त्याची कहाणी सांगायला लावायची काहीही गरज नाही.

पण मुलांशी यावर बोलण्याचं सत्र कधी घ्यायचं, याचा विचार करा. तो यायच्या आदल्या दिवशी किंवा पहिल्या आठवड्यात तर नकोच. सगळ्या माना त्याच्याकडे वळतील. महिन्या-दीड महिन्याने, नववीच्या सगळ्या तुकड्यांना, समुपदेशकाकडून. त्यात 'मेंदूतलं रसायन बिघडतं' एवढ्या एका वाक्यात आजार गुंडाळू देऊ नका. तसं सांगितलं की मुलाला दोष देणं कमी होतं हे खरं, पण 'मग हा बरा होणारच नाही' असंही ऐकणाऱ्यांना वाटू लागतं, असं संशोधनात दिसलं आहे. आनुवंशिकता, घरातला ताण, छळ, एखादं दुःख, झोप, अशी बरीच कारणं एकत्र येतात आणि उपचारांनी माणूस बरा होतो, हे दोन्ही एका दमात सांगायला हवं. शेवटी कुणाकडे जायचं, कुठल्या खोलीत, कुठल्या वेळी, हे स्पष्ट सांगा. त्याशिवाय सत्र म्हणजे नुसतं भाषण.

राहिला त्याचा रोजचा दिवस. हार-तुरे, टाळ्या, "सगळे म्हणा वेलकम" असलं काही नको. बुडालेला अभ्यास एकदम अंगावर टाकू नका. कुठले धडे सोडता येतील ते विषयशिक्षकांकडून लिहून घ्या आणि त्याला एका कागदावर द्या. जमल्यास पहिले काही दिवस अर्धा वेळ शाळा. औषधांनी सकाळी सुस्ती येत असेल तर पहिल्या तासाला प्रश्न विचारू नका. जीव घाबरला तर कारण न सांगता वर्गाबाहेर पडता येईल, अशी एक खूण ठरवा आणि ती सगळ्या विषयशिक्षकांना सांगा. त्यासाठी आजाराचं नाव सांगावं लागत नाही. "तब्येतीमुळे त्याला सवलत आहे" पुरे. कुठे बसायचं, हेही त्याला विचारा. काहींना दाराजवळ हवं असतं, काहींना जुन्या मित्राशेजारी.

हे सगळं एकदम जमणार नाही, आणि सगळं तुम्ही एकटीनेच करायचं असंही नाही. समुपदेशक असतील तर आजच त्यांना सोबत घ्या. नसतील तर त्याच्या डॉक्टरांना, पालकांच्या संमतीने, शाळेत काय सांभाळायचं ते एका चिठ्ठीवर लिहून मागा. बहुतेक डॉक्टर आनंदाने देतात. पण त्याआधी आज संध्याकाळी त्याच्या आईला फोन करा, भेटायला कधी येऊ ते विचारा, आणि "त्याला हवं असेल तर क्षणभर त्याच्याशी बोलू का?" असंही विचारा.